उघड्या काठाची वाकळ

घटाच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवून काढायची, ही आमच्याकडची रीत. आता नेकनूरच्या आमच्या घरात नळ आहे, मशीन आहे, हाताखाली सून आहे. तरी दसऱ्याच्या धुण्याला मी मशीन लावू देत नाही. मशीनला काय कळतं, कुठं चोळायचं आणि कुठं नुसतं बुचकळायचं. सून पाठीमागं तोंड वाकडं करते. करू दे. तिचं राज्य आलं की तिनं मशीनच काय, विमान लावावं.

यंदा त्या धुण्यात मायची वाकळ होती. गोधडीला आम्ही वाकळच म्हणतो. पावसाळ्याच्या तोंडाला मी मायला आष्टीकडच्या आमच्या गावाहून कायमची इकडं आणली, तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली आणि ही वाकळ आली. पेटी एका हातानं उचलते. वाकळ नाही उचलत. कोरडी असतानाच तिचं ओझं होतं, आणि भिजली की म्हैस चिखलातून वर काढावी तशी ती काढावी लागते. मी आणि सुनेनं दोन टोकं धरून ती मागच्या भिंतीवर टाकली. पाणी निथळायला लागलं. बाजेवर बसून माय हे सगळं ऐकत होती. तिला आता अंधुकच दिसतं, पण पाण्याच्या आवाजावरून तिला कळत असावं काय चाललंय ते.

“वाळली की काठ घाल तिला,” माय म्हणाली.

“कशाला?”

“काठ घाल म्हणलं. चारी बाजूनं. दोरा पक्का घे.”

मी “बघू” म्हणाले आणि बादलीत हात घातला. पाणी लई गार लागलं.

दुसऱ्या कुणाच्या घरात कुणी असं म्हणालं असतं, तर सुईदोरा घेऊन टीव्ही बघता बघता काठ घालून मी मोकळी झाले असते. पण आमच्या घरात ह्या वाकळीचा काठ कधी उसवायचा आणि कधी घालायचा, ह्याचा एक कायदा होता. कायदा मायनंच केलेला. तो ठाऊक होता म्हणूनच मी “बघू” म्हणाले होते.

वाकळ कशी असते, तर जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक अंथरायची आणि मधल्या सगळ्या अंगावर टाके घालत जायचं. ते झालं वाकळीचं पोट. खालून एक अस्तर लावायचं. आमच्या वाकळीचं अस्तर मात्र पोटाला शिवलेलं नव्हतं, नुसतं काठाला धरलेलं होतं. काठ उसवला की अस्तर मोकळं, आणि आत हात घालून आणखी एक थर सरकवता यायचा. पाच पन्नास घरांच्या आमच्या गावात अशी वाकळ दुसऱ्या कुणाकडं नव्हती. बायका मायला हसायच्या. “वाकळ हाय का पिशवी?” म्हणायच्या.

दसरा झाला की आमचं निम्मं गाव उठायचं. मुकादम येऊन गेलेला असायचा, गाड्या भरायच्या, बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं, आणि खाली कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला टोळ्या निघायच्या. आबा आणि माय मिळून एक कोयता. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयताच म्हणतात, अजूनही. कोयता जायचा आणि पोरं मागं राहायची. मी, माझी थोरली बहीण आक्का, आणि आमच्या राखणीला आजा, म्हणजे आबाचा बाप. आजा दिवसभर अंबाडीचे दोर वळायचा आणि आम्हाला शिव्या द्यायचा. त्या शिव्यांत एवढी माया असायची की कुणा नवख्या माणसानं ऐकल्या तर तो गोंधळून जायचा.

जायच्या आदल्या दिवशी माय सकाळपासून एकच लुगडं नेसून असायची. त्याच लुगड्यावर चूल पेटवायची, वाटेच्या भाकरी थापायची, शेंगदाण्याचा ठेचा कुटायची, शेण काढायची, आमची डोकी विंचरायची. दिवस कलला की वाकळ पुढ्यात ओढायची आणि काठाचा दोरा दातानं तोडायची. सर्र करून एक बाजू मोकळी व्हायची. मग आत जाऊन दुसरं लुगडं नेसून यायची आणि दिवसभराचं ते अंगावरचं लुगडं तसंच, न धुता, वाकळीच्या पोटाखाली सरकवायची. आत हात घालून, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, कुठं चुणी राहू नये म्हणून सारखं करत बसायची.

एकदा आजा म्हणाला होता, “अगं, धुऊन तरी घाल. धुराचा वास मारतोय.”

“धुतल्यावर काय ऱ्हायलं त्याच्यात, मामा?” माय म्हणाली. आजा दोर वळत बसला.

काठ मात्र घालायची नाही. नुसते चार कच्चे टाके मारायची, थर सुटू नयेत एवढेच. “आले की घालीन,” म्हणायची. काठ उघडा म्हणजे माय गावाला गेलीय आणि यायची आहे. हा कायदा. लिहिलेला नव्हता, पण आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

मग थंडी. आमच्याकडची थंडी कोरडी, हाडात शिरणारी, ओठ फुटतात अशी. दिवेलागणीला जेवणं उरकली की आजा एका कडेला आणि आम्ही दोघी त्या वाकळीखाली. नाक खुपसलं की माय यायची. गोवरीचा धूर, जरासं खोबरेल, मिश्रीचा कडवट वास, ठेच्यातला लसूण, आणि ह्या सगळ्यांच्या खाली एक वास असायचा तो कशाचा ते मला आजही सांगता येत नाही. पदराचं टोक कुठल्या अंगाला आलंय ह्यावरून आमची रोज मारामारी. पदराला वास जास्त असतो, असं आक्काचं म्हणणं. ती थोरली, म्हणून तिकडची बाजू ती धरायची. मी रडले की आजा काठी आपटायचा. “अरं त्या वाकळंत तुमची माय हाय का उंदीर हाय? वढाताण लावलीय नुसती.” शेवटी त्यानंच तोड काढली. एक दिवस वाकळ सुलटी, एक दिवस उलटी. पदर आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. न्याय झाला.

संक्रांतीपर्यंत वास टिकायचा. पुढं पुढं तो विरत जायचा, आणि माघात एक दिवस असा यायचा की कितीही नाक खुपसलं तरी वाकळीला नुसता आमचाच वास. तो दिवस वाईट. आक्का त्या दिवशी भांडायची पण नाही, पदराची बाजू मला देऊन टाकायची. मी ती घ्यायचे आणि दोघी गप पडून राहायचो.

“पट्टा पडला” असा निरोप गावात आला की कारखाना बंद झाला, टोळ्या परतायला लागल्या. आम्ही माळावर जाऊन बसायचो. उन्हाचा चटका सुरू झालेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि लांबून धुरळा. गाडीच्या आधी वास यायचा, मळीचा, आंबूस गोड. मायच्या कपड्यांना, केसांना, बैलांनासुद्धा तोच वास. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे उभे आडवे. ती आम्हाला पोटाशी धरायची तेव्हा मला ते खरबरीत हात आवडायचे नाहीत, आणि सोडावेसेपण वाटायचे नाहीत. घरात पाऊल टाकलं की तांब्याभर पाणी प्यायची आणि अंघोळीच्या आधी, भुकेच्या आधी, वाकळ मागायची. सुई ओवायची. एक टाका काठाला घालायचाच. बाकीचा काठ मग आठ-पंधरा दिवसांनी, फुरसतीनं, नवं लुगडं पोटाला शिवून झालं की. पण पहिला टाका आल्या पावली. तो पडला की आजा म्हणायचा, “आली बाबा. आता खरी आली.”

दरवर्षी एक लुगडं, दरवर्षी एक थर. मायच्या नसण्याचं एकेक वरीस आमच्या अंगावर चढत गेलं. आक्का म्हणायची, ह्या वाकळीखाली माणूस मरंल एक दिवस गुदमरून.

दुष्काळाच्या वर्षांचं काय सांगू. टँकर आला की गाव धावायचं, आणि टँकरच्या रबरी नळीचा वास पाण्याला असायचा. चहालाही तोच, वरणालाही तोच. पण प्यायलाच पाणी नाही तिथं वाकळी कोण धुतंय. एका वर्षी दसऱ्याचं धुणं झालंच नाही. जुन्या लुगड्याचा वास गेला नव्हता त्यातच नवं लुगडं पडलं, आणि त्या थंडीत माय आम्हाला फाल्गुनापर्यंत पुरली. दुष्काळानं आमचं भलं केलं ते एवढंच.

मग गावात दुधाची सोसायटी निघाली. मोठा मांडव, लाल कापडाची झालर, तालुक्याचे पुढारी, भाषणं. पुढारी म्हणाले, आता ह्या गावाच्या बाईच्या हातातला कोयता सुटंल आणि किटली येईल. टाळ्या पडल्या. मांडव उतरल्यावर झाडायला गावातल्या बायका गेल्या होत्या. कुणी नारळ उचलले, कुणी उरलेल्या बुंदीची पुडी बांधली. मायनं झालरीचं लाल कापड मागून घेतलं. आम्हाला बुंदी न आणता ही चिंधी काय घेऊन आली म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून होते.

सोसायटीतून आमच्या दारात एक जर्शी गाय आली. तांबडी पांढरी, मोठ्या पोटाची, आणि आमच्या गावरान गायींच्या मानानं एवढी भोळी की कुणाच्याही मागं चालायला लागायची. आजानं तिचं नाव मामलेदारीन ठेवलं, कारण तिला सावली, पाणी, पेंड सगळं वेळेवर लागायचं. माय पहाटं धार काढायची आणि किटली घेऊन सोसायटीत जायची. तिथं काचेची काडी दुधात सोडून बघायचे, मग कॅनमध्ये दूध ओतल्याचा आवाज व्हायचा. आधी खणखणीत आणि कॅन भरत आला की मऊ. त्या आवाजानं मी जागी व्हायचे.

त्या दसऱ्याला गाड्या भरल्या आणि माय दारात उभी राहून बघत राहिली. आमची गाडी भरलीच नव्हती. आबापण राहिले. बायका जाताना म्हणाल्या, “बसा बाई आता पाटलिणीवाणी.” माय हसली. गाड्या माळाच्या पलीकडं गेल्या तरी ती दारातच होती.

थंडीत माय घरी असते म्हणजे काय, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पहिले काही दिवस मी तिच्याशी पाहुण्यासारखीच वागले. ती घरात आहे की नाही ते बघायला शाळेच्या मधल्या सुट्टीत पळत यायचे, दारातून बघायचे आणि परत पळायचे. हुरड्याच्या दिवसांत तिनं आमच्याच रानातला हुरडा भाजला. गरम कणसं तळहातावर चोळताना म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून ह्या रानातला हुरडा आज खाल्ला, न्हाईतर ज्वारी पिकायच्या टायमाला आमी कायम खाली उसात. मला वाटलं गंमत सांगतेय. लिंबाच्या पाल्याचा धूर होता, गुळाचा खडा होता, आणि तिच्या हनुवटीवर कोंडा चिकटला होता.

त्याच थंडीत तिनं वाकळीचा काठ घातला. नुसता घातला नाही, सजवला. त्या लाल कापडाचे चौकोनी तुकडे केले, त्यांच्या घड्या घालून तिकोनी दात केले आणि चारी बाजूंनी ते काठात धरून शिवले, करवतीसारखे. दुपारी उन्हाला बसायची. दोरा दुहेरी. टाका एवढा बारीक आणि एवढा जवळ की नखसुद्धा शिरू नये. आजा म्हणाला, “एवढं घट्ट कावून शिवतीस बये? उद्या उसवायला बसशील तर बोटं जातील.”

“आता कोण उसवतंय, मामा,” माय म्हणाली. मान वर न करता म्हणाली, आणि दात लावत राहिली.

ती वाकळ त्या दिवसांत गावभर गाजली. भिंतीवर वाळत टाकली की लोक थांबून बघायचे. “मांडवच पांघरता की तुमी,” म्हणायचे. आणि आमच्या वाकळीत त्या वर्षी नवं लुगडं नव्हतं, कारण माय स्वतःच आत होती. एका बाजूला आक्का, एका बाजूला मी. पदराची भांडणं मिटली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. सोसायटीचे कॅन आधी निम्मे यायला लागले, मग एक दिवसाआड, मग दार बंद. मामलेदारीन कशी गेली, कुणी नेली, हे मला कुणी नीट सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढंच आठवतं की ती जाताना नेणाऱ्याच्या मागं भोळेपणानं चालायला लागली, एकदासुद्धा मागं वळली नाही. माय गोठ्यात जाऊन रिकाम्या गव्हाणीत हात फिरवत होती. गव्हाणीच्या कडा गायीनं चाटून गुळगुळीत केलेल्या होत्या.

दसरा आला. माय सकाळपासून एका लुगड्यावर होती. भाकरी झाल्या, ठेचा झाला. दिवस कलल्यावर तिनं वाकळ पुढ्यात घेतली आणि दातानं दोरा तोडायला गेली. दोरा तुटेना. दुहेरी दोरा, बारीक टाका, तिच्याच हातचा. सुईनं उचकायला बघितलं, सुई वाकली. मग कोयता घेतला. नवा, धार लावून आणलेला, दुसऱ्या दिवशी उसाला लागायचा तो. त्याच्या टोकानं एकेक टाका कापत गेली आणि लाल दात एकेक करून मांडीवर पडत गेले. आक्का भाकरी बांधत होती, मी तिथंच बसले होते. माय रडत नव्हती, पण प्रत्येक टाक्याला तिच्या तोंडातून “हं” असा बारीक आवाज येत होता, जड काही उचलताना येतो तसा. सगळा काठ उसवून झाला तेव्हा दिवा लागला होता.

त्यानंतर तिनं काठ कधी घातला नाही. चैत्रात आली, पाणी प्याली, वाकळ मागितली नाही. आजानं वाट बघितली. शेवटी तोच म्हणाला, “टाका?” माय म्हणाली, “घालीन की. काय पळून चाललाय का काठ?” नवं लुगडं तिनं पोटाला शिवलं, पण कडेला तेच कच्चे टाके. दरवर्षी तसंच. आम्ही मोठ्या झालो, आमची लग्नं झाली, आजा गेला, आबा गेले. मायचे गुडघे गेले तसा तिचा कोयता सुटला. घरी बसली, वाकळ मांडीवर असायची, सुई हाताशी असायची. काठ राहिला तो राहिलाच.

मला मात्र तो उघडा काठ आवडायला लागला होता, हे खरं सांगते. माहेरी गेले की मी त्या कडेवर बोट फिरवायचे. सगळे थर तिथं दिसतात. हे हिरवं, आक्काच्या कानाला टोचलं त्या वर्षीचं. हे चिंचेच्या रंगाचं, टँकरच्या वर्षीचं. हे निळं विटलेलं. बाहेरून वाकळ एकच दिसते. कडेला बघितलं की आमची सगळी वर्षं एकावर एक. काठ घातला की ती आत जाणार. आणि दुसरं म्हणजे, काठ उघडा आहे तोवर माय यायची आहे, हे माझ्या डोक्यात लहानपणी बसलं ते काही गेलं नाही. पासष्टीच्या घरात आले, नातू शाळेत जातोय, तरी नाही गेलं. आता हीच माय म्हणते काठ घाल. म्हणजे काय समजायचं मी?

मी आक्काला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आष्टीहून एसटीनं आली. आक्का म्हणजे आल्या आल्या चपला काढायच्या आधी घरातल्या चुका काढणारी. वाकळ बघितली आणि म्हणाली, “लोंबायला लागलेत की धागे. घालून टाकू दोघी मिळून. शिवायच्या मशीनवर मारली तर घंट्याचं काम हाय.”

“मी घालणार न्हाई,” मी म्हणाले.

“कावून?”

“तिचा काठ तीच घालती. आपण घातला म्हंजी…”

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग खाली बसली. “म्हंजी ती आता कुटं जाणार न्हाई आन् येणार न्हाई, असंच ना?” ती हळू म्हणाली. “अगं येडे, ती नव्वदीला आली. काठ उघडा ठिवून तिला कोण अडवणार हाय? तू का मी?”

“मला न्हाई माहीत. मला भ्या वाटतंय.”

“मला न्हाई का वाटत?” आक्का म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं असं काही कबूल केलं. सुनेनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते, मागं जोडलेल्या गाड्यांत भांडी, बाजा, कोंबड्या, पोरं. हल्ली टोळ्या दसऱ्याची वाट बघत नाहीत. बाजेवर माय मान वळवून तो आवाज ऐकत होती.

“चालले का गं?” तिनं विचारलं.

“चालले,” आक्का म्हणाली.

मायनं मान आमच्याकडं वळवली. मग म्हणाली, “तुमी काय कुजबुज लावलीय ती येतीय मला ऐकू. आणा ती वाकळ हिकडं.”

आम्ही वाकळ तिच्या पायांवर पसरली. उन्हानं ती चांगली खरपूस वाळली होती. मायनं कडेवर हात फिरवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, थर चाचपत.

“मी काठ घातला न्हाई म्हणून तुमाला वाटलं आसंल, आळस,” ती म्हणाली. “आळस न्हाई. एकदा पक्का घातला व्हता, मोडला. परत हात धजला न्हाई. घातला की पुन्यांदा उसवावा लागंल असं वाटायचं. आता भ्या न्हाई. आता मला कुनी गाडीत बसवीत न्हाई. मी आले. घाला.”

आक्कानं पदर डोळ्याला लावला. मी रागानंच विचारलं, कारण मला रडायचं नव्हतं, “कसा घालू? साधा धावदोरा घालू का?”

“साधा कावून? करवतीचा घाल. त्या वरसी व्हता तसा.”

मी चकित झाले. मला वाटायचं ते वर्ष तिला नको असेल, तिनं ते आपल्या हातानं कापून काढलेलं. “त्या वरसासारखा? ते वरीस तर…”

“ते एकच वरीस मी घरी व्हते, बाई,” माय म्हणाली. “हुरडा खाल्ला की आपण.”

“लाल कापड कुटून आणू आता?”

“आत हाय. पोटाखाली हात घाल. त्या दिवशी लुगड्याबरूबर त्ये पण सारले मी. टाकून देते का काय?”

मी अस्तराखाली हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. एवढी वर्षं ती वाकळ मी पांघरली, धुतली, बोटं फिरवली, आणि मला कधी कळलं नाही. पार मधे, थरांच्या खाली, लहान लहान टोकं हाताला लागली. मूठभर बाहेर काढली. चपटी झालेली, चुरगळलेली, कडेला अजून तुटक्या दोऱ्याची टोकं. कितीही धुणी झाली तरी आतल्या घडीत रंग लालच होता. आक्कानं एक दात उचलून गुडघ्यावर ठेवला आणि अंगठ्यानं सरळ केला. मग दुसरा.

मशीनचं नावही आक्कानं पुन्हा काढलं नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, पूर्वी पदरासाठी बसायचो तशा, आणि दोन्हीकडून काठ घालत निघालो. दात लावायचा, दोन टाके, पुन्हा दात. हिरवं आत गेलं, चिंचेचं आत गेलं, निळं आत गेलं. आक्काचा टाका मोठा, माझा बारीक. त्यावरून पण आमचं वाजलं. माय मधूनमधून बोटानं चाचपून “हितं ढिला हाय” म्हणायची आणि ते खरंच ढिलं असायचं. दुपार झाली, ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. आम्ही दोघी फिरत फिरत शेवटच्या कोपऱ्याशी आलो, आमच्या सुया एकमेकींना लागायला आल्या, आणि मायनं हात मधे घातला.

“तेवढं ऱ्हाऊ दे.”

“आता आन् काय?” आक्का म्हणाली.

मायनं अंगठा आणि करंगळी ताणून त्या जागेवर ठेवली. वीतभर. “एवढं उघडं ठिव. माझं हे नेसतं लुगडं जायचंय अजून.” तिनं अंगावरच्या पदराचं टोक धरून आम्हाला दाखवलं, जसं काही आम्ही ते कधी बघितलंच नव्हतं. “मग ह्यो काठ तुमी घाला. तुमी दोघी.”

मी मान हलवली. तिला ते दिसलं नसणार, म्हणून तोंडानं “बरं” म्हणाले. आक्कानं तिचा दोरा तोडला, मी माझा. दोन लाल दात उरले होते, ते मी त्या वीतभर जागेतून आत सारले.

उरलेल्या धुण्याच्या घड्या घालायला मी उठले, तेव्हा माय पुन्हा म्हणाली, आक्काला नाही, मलाच. माझा धुण्याचा हात तिला माहीत आहे.

“आन् धुवू नकोस ते.”